फ्रीज कपाटात बसवण्यापूर्वी मेस्ताला काय सांगाल

प्रश्न : आम्ही पर्वरीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत. स्वयंपाकघर साडेअकरा फूट बाय आठ फूट. डिझायनरने फ्रीज टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच उभ्या कपाटात, लपवला आहे, बाहेरून सगळी कपाटेच दिसतील. फ्रीज २६० लिटरचा आहे, खाली फ्रीझर, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. यजमानांना हे फार आवडले आहे. न्यू जर्सीला त्यांच्या भावाकडे असाच भिंतीतला फ्रीज आहे. सासूबाईंना मात्र पटत नाही. त्यांचे वय ७२, गुडघे दुखतात. सोमवारी आणि गुरुवारी त्या शिवराक (शाकाहारी) असतात, आणि नैवेद्याचे दूध मासळीच्या डब्याशेजारी ठेवावे लागते यावरून आजही घरात कुरबुर होते. आम्ही पाच माणसे, मासळी जवळजवळ रोज. सध्याचा ३१० लिटरचा फ्रीज बारा वर्षांचा आहे आणि कायम भरलेला असतो. डिझायनर म्हणतो, पैसे वाचवायचे असतील तर साधाच फ्रीज घेऊन त्याला पुढून शटर, म्हणजे कपाटाचे दार, लावू. सगळे मिळून दोन लाखांपर्यंत खर्च करू शकतो. काय करावे?
— एक वाचक, पर्वरी

ताई, डिझायनरच्या शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण मेस्ताने, म्हणजे सुताराने, प्लाय कापायच्या आधी ती थांबायला हवी. साध्या फ्रीजला पुढून शटर लावून त्याला कपाटात कोंडू नका. आज वाचलेले पैसे पुढे विजेच्या बिलात आणि कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत जातील.

आयटीआयमध्ये फ्रीज-एसीचा ट्रेड शिकवताना मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगत असे की फ्रीज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दुधातून, भाजीतून, कालच्या आमटीच्या पातेल्यातून काढलेली सगळी उष्णता आणि कॉम्प्रेसर चालवायला लागलेल्या विजेची उष्णता, दोन्ही तुमच्या स्वयंपाकघरातच येऊन पडतात. गोदरेजने १९५८ साली भारतातला पहिला घरगुती फ्रीज बनवला. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे फ्रीजच्या पाठीला काळी जाळीदार कॉइल उघडी दिसायची, आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवायचे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचे. आता बहुतेक साध्या फ्रीजना ती कॉइल दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून ती फिरवलेली असते. मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या फ्रीजच्या कुशीला हात लावून पाहा, चांगली गरम लागेल. त्या दोन्ही कुशींना प्लाय चिकटला, वर लॉफ्ट आला आणि पुढून शटर लागले की ती उष्णता तिथेच फिरत राहते. कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत नाही, फ्रीज आत गार होत नाही, आणि लोक समजतात गॅस गेला.

माझ्या बहिणीच्या घरी म्हापशाला हेच झाले. एका वर्षात दोनदा गॅस भरला. गळती कुठेच नव्हती. मी गेलो तेव्हा भर दुपारी त्या कपाटाच्या वरच्या फळीला हात लावता येत नव्हता. मेस्ताला बोलावून लॉफ्टची तळफळी मागून हातभर कापली, खाली स्कर्टिंगमध्ये, म्हणजे कपाटाच्या तळपट्टीत, फट काढली, शटर उतरवून ठेवले. त्याच रात्री कॉम्प्रेसर बंद-चालू व्हायला लागला. बहिणीला आधी तो आवाजच ओळखू आला नाही, कारण वर्षभर कॉम्प्रेसर कधी थांबलाच नव्हता.

खरा बिल्ट-इन फ्रीज कपाटात राहण्यासाठीच बांधलेला असतो. तो कुशीतून उष्णता सोडत नाही. खाली स्कर्टिंगमधून हवा आत घेतो, ती पाठीमागून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर पडते. या वाटेसाठी बहुतेक कंपन्या खाली आणि वर प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटिमीटर उघडी जागा मागतात. म्हणजे ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर उंच फट. पाठीमागेही साधारण ४ ते ५ सेंटिमीटरची पोकळी मोकळी राहिली पाहिजे. कागदावर हे किरकोळ वाटते, पण मी पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्या इथेच झालेल्या आहेत. वरची फट वाईट दिसते म्हणून पट्टी मारून बंद करतात, किंवा उंदीर-पाली आत जातील म्हणून बारीक जाळी ठोकतात. जाळी हवीच. पाल कंट्रोल कार्डवर चढून कार्ड जळालेले मी स्वतः पाहिले आहे. पण जाळीच्या तारा अर्धी जागा खातात, म्हणून जाळी लावणार असाल तर फट दुपटीने मोठी ठेवा आणि जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. साधी लोखंडी जाळी आपल्या हवेत दोन पावसाळे काढत नाही.

आता मापे. युरोपीय बिल्ट-इन फ्रीजचा खण आतून ५६० मिलिमीटर रुंद, साधारण १७८ सेंटिमीटर उंच आणि किमान ५५० ते ५६० मिलिमीटर खोल लागतो. आतली रुंदी ५६०, दोन बाजूंचे १८ मिलिमीटरचे प्लाय धरले की ५९६ होते, म्हणून ६०० मिलिमीटरच्या युनिटमध्ये तो बसतो. यात लॅमिनेट कुठे गेले? आत-बाहेर लॅमिनेट चिकटवले की प्रत्येक बाजूला जवळजवळ दोन मिलिमीटर वाढतात. ५५७ मिलिमीटरच्या खणात यातली बरीच मॉडेले शिरत नाहीत, कितीही रेटली तरी. खोलीचेही तसेच. मेस्त सवयीने पाठीला प्लाय मारतो, भिंत ओळंब्यात नसली तर आधी बॅटन (लाकडी पट्ट्या) ठोकतो, आणि चार सेंटिमीटर तिथेच जातात. म्हणून आधी मॉडेल ठरवा, त्या मॉडेलची बसवणुकीची पुस्तिका छापून मेस्ताच्या हातात द्या, आणि माप तिच्यातले घ्यायला सांगा. 'सगळे फ्रीज एकाच मापाचे असतात' असे तो म्हणाला तरी.

हे झाले कसे बसवायचे ते. घ्यावा की नाही, याबद्दल माझे मत पत्र वाचता वाचता बदलले, तेही सांगतो.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी 'नको' असेच लिहिले होते. कारण सरळ होते. आज ३१० लिटर पुरत नाहीत आणि डिझायनर तुम्हाला २६० वर आणतो आहे. बिल्ट-इन फ्रीज त्याच उंचीच्या साध्या फ्रीजपेक्षा लहानच असतो, कारण ५६० मिलिमीटरच्या आत त्याला स्वतःच्या जाड भिंतीही बसवायच्या असतात. रोज मासळी आणणाऱ्या पाच माणसांच्या घराला २६० लिटर, त्यातही काही हिस्सा फ्रीझरचा, हे चालणार नाही. सहा महिन्यांत बाल्कनीत दुसरा फ्रीज येईल, आणि तो घाईत घेतलेला असेल.

मग सासूबाईंची ओळ पुन्हा वाचली. शिवराकाच्या दिवशी नैवेद्याचे दूध आणि बांगड्याचा डबा शेजारी. ही कुरबुर नुसत्या मोठ्या फ्रीजने मिटणार नाही. चारशे लिटरचा आणला तरी दार एकच, हवा एकच. बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये एकच पंखा फ्रीझरची हवा फ्रीजच्या खणातही फिरवतो, त्यामुळे वास दुधाला लागतोच, डबा कितीही घट्ट लावा. सासूबाईंचे म्हणणे नुसते सोवळ्याचे नाही, त्यांच्या नाकाचेही आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. टॉल युनिटमध्ये फ्रीझर नसलेला बिल्ट-इन फ्रीज घ्या. त्याच १७८ सेंटिमीटरच्या खणात तो साधारण ३०० लिटरचा मिळतो, आणि ते सगळे ३०० लिटर दूध, दही, भाजी, फळे, खवलेला नारळ, नैवेद्य आणि उरलेसुरले यांच्यासाठी राहतात. मासळीसाठी मागच्या बाल्कनीत वेगळा लहान उभा फ्रीझर ठेवा, ऐंशी-शंभर लिटरचा. मासळी बाहेरून येते, मागे साफ होते, मागेच फ्रीझरमध्ये जाते. पुढच्या कपाटात तिने पाऊलच ठेवायचे नाही. बॉश, सीमेन्स, लीभेर, मीले या कंपन्या असे बिनफ्रीझरचे मॉडेल बनवतात. पण शोरूममध्ये बहुधा खाली फ्रीझर असलेलेच मांडलेले असतात, म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगून यादीतून शोधायला लावा. लहान फ्रीझर तुमच्या मर्यादेत बसेल असा माझा अंदाज आहे, आणि त्यातून स्टॅबिलायझरचे पैसेही निघावेत.

मासळीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्याकडे फ्रीज बिघडल्याचे पहिले लक्षण पोटावर दिसते. बांगडा, तार्ली, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी गरम राहिली की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. त्याने अंगावर पित्त उठते, चेहरा लाल होतो, डोके दुखते, आणि माणूस म्हणतो की मला बांगडा सोसत नाही. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून जात नाही, शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. वास नसलेल्या मासळीतही ते असू शकते. म्हणून बाजारातून किंवा दारावरच्या बाईकडून घेतलेली मासळी ओट्यावर तासभर पडू देऊ नका. त्याच दिवशी रांधणार असाल तर साफ करून, निथळून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फावर ठेवा. हा डबा थर्मोकोलच्या पेटीत बाल्कनीतच राहू शकतो, बर्फ फ्रीझरमध्ये असेलच. दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर सरळ गोठवा, एका वेळेला लागेल तेवढीच वेगवेगळ्या पिशव्यांत, चपटी करून. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते.

फ्रीझर घेताना एक गल्लत टाळा. फ्रीजवर दोन प्रकारचे तारे असतात. चिकटवलेल्या लेबलावरचे तारे वीजबचतीचे, ते ऊर्जा दक्षता ब्युरोचे. दुसरे तारे फ्रीझरच्या दारावर किंवा माहितीपत्रकात असतात आणि ते थंडीचे. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा, मोठा तारा असेल तर तो फ्रीझर उणे १८ अंश राखतो आणि ताजा माल गोठवूही शकतो. तुम्हाला हा चार ताऱ्यांचा हवा आहे. एका दाराच्या लहान साध्या फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असे नाही. त्यात बर्फ होतो म्हणून लोक महिनाभर मासळी ठेवतात, आणि ते बरोबर नाही. तुम्हाला तर तो जून-जुलैमध्ये जास्तच लागेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आपल्या आज्या त्या दिवसांसाठी मे महिन्यातच पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवत, सुके बांगडे, सुकी सुंगटे, गालमो, सोले, मीठ. आता पुरुमेतातले अर्धे सामान फ्रीझरमध्ये जाते. वीजबचतीच्या ताऱ्यांपेक्षा लेबलावर छापलेली वर्षाची युनिटे वाचा आणि दोन मॉडेलांची तीच तुलना करा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच आणि नव्या वर्षाचे पाच सारखे नसतात.

तो फ्रीझर बाल्कनीत जमिनीवर ठेवू नका. गवंडी अजून कामावर असेल तर फूटभर उंचीचा कट्टा बांधून घ्या. सासूबाईंना खालच्या ड्रॉवरसाठी बसावे लागणार नाही, बाल्कनी धुताना पाणी मशीनखाली जाणार नाही. पावसाची झड येणारी बाजू असेल तर काच किंवा पत्रा हवा. आणि माहितीपत्रकात हवामानाचा वर्ग पाहा. 'टी' म्हणजे ट्रॉपिकल, बाहेर ४३ अंशांपर्यंत चालणारा. 'एन' ३२ अंशांपर्यंतच असतो, तो आपल्याकडे मे महिन्यात धापा टाकतो. नुसता 'टी' न लिहिता 'एसएन-टी' असे लिहिले असेल तरी चालेल. कपाटातल्या फ्रीजलाही हाच निकष लावा.

आता तो टॉल युनिट कुठे आहे? पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण नकाशा पाहून ठरवा की त्याच्या मागची भिंत बाहेरची आहे की आतली. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या भागात पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरतेच, इमारत नवी असली तरी. त्या भिंतीला कपाट टेकवले की ओल मागेच कोंडते आणि गणपतीपर्यंत पाठीच्या प्लायवर बुरशी येते. शक्य असेल तर युनिट आतल्या भिंतीला घ्या. शेगडी किंवा ओव्हनच्या शेजारी नको. कोपऱ्यात भिंतीलगत असेल तर दार पूर्ण उघडते का ते पाहा. दार काटकोनापर्यंतच उघडले तर भाजीचे ड्रॉवर बाहेर निघत नाहीत आणि साफ करायला काच काढता येत नाही.

कपाटासाठी आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ मध्ये नुसत्या ओलाव्याला टिकणारा साधा दर्जाही येतो, तो इथे चालणार नाही. एमडीएफ तर या युनिटला अजिबात नको, त्याच्या कडेला एकदा पाणी लागले की तो फुगतो. पाणी इथे दोन वाटांनी येते. फ्रीज आतला बर्फ वितळवून ते पाणी कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये सोडतो, ते तिथल्या उष्णतेने वाळते. जुलैमध्ये हवा ओली आणि फट अपुरी असली की ट्रे भरून सांडतो, आणि कपाटात असल्यामुळे ते महिनाभर कळत नाही. दुसरी वाट घामाची. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २७ अंशांपेक्षा थोडी जरी गार असलेली वस्तू घाम सोडते. दाराचे रबर एका कोपऱ्यात सैल झाले तरी शटरच्या मागे पाणी धरते. त्यासाठी शटरची मागची बाजू आणि चारही कडा सीलबंद करून घ्या, पुढची दिसते तितक्याच निगुतीने. पावसाळ्यात महिन्यातून एकदा स्कर्टिंग काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. ते काढता येईल असे क्लिपवर बसवायला मेस्ताला आधीच सांगा.

शटर फ्रीजच्या दाराला जोडायच्या दोन पद्धती आहेत. एकीत शटर थेट फ्रीजच्या दारावर बसते आणि फ्रीजच्याच बिजागऱ्या त्याला पेलतात. दुसरीत शटर कपाटाच्या बिजागऱ्यांवर असते आणि फ्रीजचे दार त्याला एका सरकत्या पट्टीने जोडलेले असते. मी पहिली घेईन. सरकत्या पट्टीत धूळ, तेल आणि ओलावा बसतो, आणि शटर थोडे फुगले तरी फ्रीजचे दार अर्धा सेंटिमीटर उघडे राहते. पहिल्या पद्धतीत मात्र वजनाची मर्यादा असते, ती पुस्तिकेत किलोमध्ये दिलेली असते. सागवानी भरीव शटर हौसेने लावाल तर आधी ते काट्यावर ठेवा.

यजमानांच्या भावाकडचा फ्रीज कोणता, ते मला ठाऊक नाही, पण अमेरिकेत भिंतीतले म्हणून जे मिळतात ते बहुधा ३६ इंच किंवा त्याहून रुंद आणि सात फूट उंच असतात. तिकडे ही पद्धत रुजवणाऱ्यांत सब-झीरो ही १९४५ साली विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात सुरू झालेली कंपनी मोठी. ती मशीन सुंदर असतात, हे मी मनापासून सांगतो. पण तिकडचे मॉडेल तिकडून आणायचा विचार कोणी मांडला तर नकार द्या. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत, आणि पंखे-मोटरी त्यावर नीट चालत नाहीत. शिवाय त्याचा सुटा भाग गोव्यात कोण आणून देणार?

सुट्या भागांचा प्रश्न तुमच्या फ्रीजलाही विचारायचा आहे, आणि पैसे भरण्याआधी. गोव्यात त्या कंपनीचा स्वतःचा मेकॅनिक आहे का, की बेळगाव-पुण्याहून येतो? दाराचे रबर, पंखा आणि कंट्रोल कार्ड किती दिवसांत मिळते? आणि बिघाड झाला तर फ्रीज खणातून बाहेर कोण काढणार? हा शेवटचा प्रश्न लेखी विचारा. मेकॅनिक दारात येऊन 'आधी सुताराकडून काढून ठेवा, मग फोन करा' म्हणतो, आणि सुतार म्हणतो 'मशीनला मी हात लावणार नाही', असे तीन घरांत मी मध्ये उभा राहून सोडवले आहे. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी ऐकून निर्धास्त होऊ नका. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरच्या सुट्या भागाची असते. गॅस, मजुरी, कार्ड तिच्यात धरलेले असते का ते वाचा. उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत तर बिल्ट-इन सोडून द्या. मग साधा ३५० लिटरच्या आसपासचा फ्रीज उघड्या खणात ठेवा. पुढे शटर नाही, दोन्ही कुशींना आणि माथ्यावर पुस्तिकेत सांगितले आहे तेवढी जागा, आणि कपाटाच्या बाजूच्या फळ्या ७० सेंटिमीटर खोल, म्हणजे फ्रीजची कूस बाहेर दिसणार नाही. मासळीचा फ्रीझर मात्र तेव्हाही वेगळाच ठेवा.

सासूबाईंच्या 'पटत नाही'वर एक गोष्ट अजून. कपाटाचे दार ओढायला साध्या फ्रीजपेक्षा जोर जास्त लागतो, कारण रबराच्या पकडीवर शटरचे वजनही येते. लपवलेल्या खाचेऐवजी धरता येईल असे लांब, उभे हँडल लावा. शोरूममध्ये त्यांना घेऊन जा आणि दार त्यांनाच उघडू द्या, चार वेळा. दूध-दह्याचा कप्पा त्यांच्या छातीच्या उंचीला येऊ द्या. फ्रीझर नसल्यामुळे अगदी खाली वाकायचे काम आधीच कमी झालेले असेल.

राहिले विजेचे. पावसाच्या तोंडावर वादळ होते, वीज जाते-येते, आणि परत येताना दाब कधी खाली असतो, कधी वर. बाहेरून येणारे बिल्ट-इन फ्रीज बहुधा २२० ते २४० व्होल्टसाठी असतात. आपल्याकडच्या काही साध्या फ्रीजवर 'स्टॅबिलायझर नको' असे लिहिलेले असते, ते इथे गृहीत धरू नका. चांगला स्टॅबिलायझर घ्या, वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून चालू होणारा, आणि तो फ्रीजच्या खणात ठेवू नका, तोही तापतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मे महिन्यातच. चिऱ्याची जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडते आणि पावसात तपासलेले सगळे ठीकच दिसते.

चतुर्थीला तुम्ही गावच्या घरी जात असाल, फ्लॅट पाच-सात दिवस बंद राहील. त्याआधी मासळीचा फ्रीझर रिकामा करता आला तर उत्तम. नाही तर एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. ते बर्फात खाली गेलेले दिसले तर मध्ये वीज जाऊन सगळे वितळले आणि पुन्हा गोठले, ती मासळी खाऊ नका, दिसायला कशीही असली तरी. बिल्ट-इन फ्रीज बंद ठेवून जाणार असाल तर तो पुसून, दार फटीएवढे उघडे ठेवून जा. बंद दारात आठवड्यात बुरशी येते, आणि तिचा वास प्लायमध्ये बसला की निघत नाही.

आणि प्लग. डिझायनरच्या नकाशात तो बहुधा फ्रीजच्या बरोबर मागे दाखवलेला असेल. तो तिथून काढून शेजारच्या कपाटात घ्या, १६ अँपिअरचा, स्विचसह, सासूबाईंचाही हात पोहोचेल अशा उंचीवर. गडगडाट सुरू झाला की ते अवजड मशीन ओढल्याशिवाय तो काढता आला पाहिजे. भिंतीत पाइप टाकायचे काम लादी बसायच्या आधीच होते, तेव्हा याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला सांगा.